जुन्या आवृत्तीची शेवटची तारीख

वत्सला गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरुंगैचा पाला निवडत होते. आपल्याकडे त्याला शेवग्याचा पाला म्हणतात, पण इतकी वर्षं मद्रासकडे काढल्यावर तोंडात मुरुंगैच येतं. तिच्या भावाचा मुलगा बालाजी पेरुंगुडीच्या हॉस्पिटलातून बोलत होता. "पाट्टी, अत्तै पोयिट्टांग," एवढंच म्हणाला. आजी, आत्या गेली. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेला पाला निवडून टाकला. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बाई दगड आहे. पण अर्धवट ठेवलेला पाला सुकून जातो, आणि ती तर गेलेलीच होती. मग हात धुतले, गॅस बंद आहे ना बघितलं, आणि बसून राहिले. कुणाला फोन करावा असं कुणी आठवेना. असल्या गोष्टी मी ज्या माणसाला सांगायची, ते माणूसच गेलं होतं...

मी मिरजेजवळच्या खेड्यातली. शाळा चौथीपर्यंत. नवरा गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात फिटर होता, त्याच्या मागून इकडे आले आणि जन्म तिथल्या क्वार्टरात गेला. तो वारल्यावर मुलाने मद्रासमधल्या वेलचेरीत हा फ्लॅट घेतला, मला आणून ठेवलं, आणि वर्षभरात स्वतः कॅनडाला गेला. त्याची तक्रार करायची नाही. कामच तसं आहे त्याचं. पण या इमारतीत मराठी बोलायला कुणी नव्हतं, आणि दिवसच्या दिवस तोंड उघडलं नाही की माणसाचा घसा कसा होतो ते मला माहीत आहे. एकदा लिफ्ट मधेच अडली. मी तिला मराठीत शिव्या दिल्या. "हल की गं मेले, इथंच समाधी घेतेस काय!" मागे उभी असलेली एक उंच, बारीक बाई हसायला लागली. पन्नाशीची असेल. केस आखूड, गळ्यात चष्म्याची दोरी. म्हणाली, "अक्का, तुमी मराठीं काय?"

ती वत्सला. तंजावरच्या मराठ्यांपैकी. तिचे पूर्वज तिथल्या राजांच्या वेळेला खाली आले ते कधी परत गेले नाहीत. तिनं महाराष्ट्र पाहिलासुद्धा नव्हता. घरात मात्र मराठी टिकवलेलं, आणि तेही असं की मी पहिल्या दिवशी विचारलं, "तू कीर्तनातून उठून आलीस का गं?" 'अस्कं' म्हणायची, म्हणजे सगळं. 'जातें', 'करतें', आणि मधे मधे तमिळ पेरलेलं. मी हसले की तीही सोडायची नाही. "तुमचें मराठी म्हणजे पाणी घातलेलें सांबार, अक्का. आमचें आटलेलें आहे, पण चव आहे." पुढे आम्ही दोघी एकमेकींना हेच चिडवत राहिलो. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर ती एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. कम्प्युटरच्या कंपनीतली नोकरी आईच्या आजारपणात सोडली, मग आई गेली, आणि नोकरीकडे ती परत वळली नाही. राहिलं ते तिचं दुसरं काम.

ते काम काय, हे समजायला मला बरेच चहा लागले. कम्प्युटर चालायला आत एक मूळ व्यवस्था लागते. बहुतेक लोक ती कंपनीची घेतात. पण जगात अशी माणसंही आहेत जी ती आपापसात मिळून बनवतात आणि ज्याला हवी त्याला फुकट देतात. तिला लिनक्स म्हणतात. तिचे पुष्कळ प्रकार आहेत, प्रत्येक प्रकाराची माणसं वेगळी, आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच खरा. अशा एका प्रकाराच्या मंडळींत वत्सला होती. ती स्वतः प्रोग्राम फारसे लिहायची नाही. नवी आवृत्ती कधी बाहेर काढायची, तिच्यात काय घ्यायचं, काय थांबवायचं, आधीच्या आवृत्त्यांत चोराला शिरता येईल अशी भोकं सापडली की ती बुजवून लोकांकडे अपडेट कधी पाठवायचे, हे ठरवणं आणि ते माणसांकडून करून घेणं, हे तिचं काम. मी म्हटलं, "म्हणजे तू मुकादम."

"हो, मुकादम. पण मजूर बिनपगारी, अक्का. रागें भरलें तर उद्यां येणारच नाहींत."

दर बुधवारी चहाच्या वेळेला त्यांची बैठक असायची, कम्प्युटरवरच. ती लॅपटॉप घेऊन खाली माझ्याकडे यायची. वर एकटीनं बोललं की घरात आवाज घुमतो म्हणायची. मी कणीक मळायची, ती बोलायची. कुणी ब्राझीलचा, कुणी पोलंडचा, आणि एक कोचीचा जोजी म्हणून मुलगा, तिचा उजवा हात. मुलगा म्हणते, पण दोन लेकरांचा बाप आहे. इंग्रजी मला येत नाही, पण ती 'नाही' कधी म्हणतेय ते मला कळायचं. आवाज फार मऊ व्हायचा. त्यांच्यात एक रीत आहे. आवृत्ती निघायच्या आधी एक दिवस ठरवतात आणि त्या दिवसानंतर नवं काही आत घ्यायचं नाही, नुसत्या चुका दुरुस्त करायच्या. गोठवणं म्हणतात त्याला. गोठवलं रे गोठवलं की लोकांना आठवतं, अरे आपलं राहिलंच. मग विनवण्या. एकानं सांगितलं, बायको बाळंत झाली, म्हणून उशीर झाला, तेवढं माझं घ्या. वत्सला कॉल संपवून हसत बसली. "त्याला सांगितलें, बाळाला आंत घे, तुझा प्रोग्राम पुढच्या गाडीला."

आणखी एक तिची पद्धत होती, ती फक्त वेलचेरीच्या माणसाला सुचेल. कार्तिक-मार्गशीर्षात ती कुठलीच आवृत्ती काढू द्यायची नाही. तिकडच्या लोकांना कळायचं नाही की यांच्या कामाला नोव्हेंबर-डिसेंबर का चालत नाही. तिनं सांगितलं, इकडचा मोठा पाऊस तेव्हाच, आमच्या रस्त्यावर पाणी येतं. एका वर्षी ते ऐकेनात. बहुमतानं डिसेंबर ठरला. आणि पाणी आलंच. खालचं पार्किंग बुडालं, वीज गेली, फोनला रेंज नाही. वत्सला जिन्यात येऊन उभी. उद्या आवृत्ती बाहेर पडणार, तिच्यात एक मोठी चूक सापडलेली, आणि थांबवा म्हणून सांगायचा अधिकार हिचा. मी माझा मोठा कुकर काढला, आत टॉवेल घातला, त्यात लॅपटॉप ठेवला आणि रबर लावून झाकण बंद केलं. तो तिनं डोक्यावर घेतला, मी छत्री धरली, आणि कमरेएवढ्या पाण्यातून आम्ही दोघी उंचावरच्या रेल्वे स्टेशनात गेलो, तिथं रेंज होती म्हणून. स्टेशनातल्या पोलिसानं विचारलं, "काय पाट्टी, आत इडली का?" वत्सला त्याला म्हणाली, "हो. अजून शिजली नाहीं. तेंच सांगायला आलों." फलाटावर बसून तिनं झाकण उघडलं, फोन जोडला आणि तारीख पुढे ढकलली. त्यानंतर डिसेंबरचं नाव कुणी काढलं नाही. ब्राझीलचा माणूस म्हणे दर पावसाळ्यात विचारायचा, पाणी आलं का?

पण तिची आणि माझी खरी झटापट झाली ती दुसऱ्याच गोष्टीवरून. माझ्याकडे मुलाचं टाकून दिलेलं जुनं मशीन होतं. त्यावर तिनं तिची एक जुनी आवृत्ती घालून दिली, मराठी अक्षरांसकट. त्यावर मी नातीला बघायची, पेपर वाचायची. नव्या आवृत्त्या अशा जुन्या मशीनवर चालत नाहीत, त्यांना जोर लागतो. आता त्या लोकांची रीत अशी की आवृत्ती बाहेर पडते त्याच दिवशी ती कधी बंद होणार तेही सांगून टाकायचं. अमुक तारखेपर्यंत आम्ही अपडेट देऊ, पुढे नाही, तुमची सोय बघा. मला ते आवडलं होतं. माणसाला आधी सांगितलं की तो तयारीनं राहतो. वत्सला स्वतः या बाबतीत फार कडक. दुसऱ्या कुणी जुनं ओढत ठेवलं की ती त्याला झापायची. आणि हीच एक आवृत्ती तिनं पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. आधी एक वर्ष, मग आणखी एक. बाकीचे म्हणाले, आमच्याकडे माणसं नाहीत. ती म्हणाली, मी एकटी बघीन. आणि बघत होती. कुठल्या तरी शाळेत जुनी मशीनं, कुठल्या वाचनालयात, पेरू देशातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे एक... त्यांची पत्रं यायची, ती मला वाचून दाखवायची. हळूहळू दिवसभर तेच. जेवण चुकायला लागलं, बारीक व्हायला लागली. मी समजले कामानं होतंय.

एके दिवशी मी बोलून गेले. "त्यांना मशीन नवं घेता येईल गं. तुझी गरज लागणारं हे एकच उरलंय, म्हणून तू ते सोडत नाहीस." तिनं लॅपटॉप मिटला, कप धुऊन पालथा घातला आणि वर गेली. पुढे दोन बुधवार आली नाही. मी वर गेले नाही. खोटं बोलले असते तर गेले असते.

ती आली ती रिपोर्ट घेऊन. पोटातला कॅन्सर, पसरलेला. टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाली, "अक्का, कॉफी करा. चहा नको." मी कॉफी केली. तिनं सगळी प्यायली. मग म्हणाली, "डॉक्टरकडे माझ्याबरोबर याल कां? एकटी गेलें कीं अस्कं विसरतें."

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. हिनं त्याला तमिळमधून सरळ विचारलं, तारीख सांगा. तो म्हणाला, असं सांगता येत नाही अम्मा, उपचाराला शरीर कसं साथ देतं बघू. ही म्हणाली, "मला अंदाज चालतो. पुढें मागें झालें तर बोल लावणार नाहीं." तो फाईलमध्ये बघत राहिला. बाहेर आल्यावर शेअर ऑटोत ती इतकी चिडली होती की समोरची बाई घाबरली. "न पाहिलेल्या माणसांना घेऊन मी दोन वर्षांपुढच्या तारखा देतें. आणि हा एवढा शिकलेला, याला एक महिना सांगतां येत नाहीं!" मी म्हटलं, "तू देतेस त्या तुझ्या हातातल्या असतात."  ऑटो घराजवळच्या विजयनगर स्टँडवर थांबला तरी ती उतरेना. मग म्हणाली, "एक आहे माझ्या हातांत."

पण लगेच केलं नाही तिनं. आजाराचं मंडळींना सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर ते जुनी आवृत्ती काढून घेतील ही भीती, आणि न सांगता गेली तर ती सगळी मशीनं वाट बघत राहतील. त्यांचं असं आहे की अपडेट पाठवणारं कुणी उरलं नाही तरी मशीनला ते कळत नाही. ते रोज विचारतं, काही आलंय का, आणि काही आलेलं नसलं की म्हणतं, सगळं ठीक आहे. मालकाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. भोकं तशीच उघडी असतात. हे तिनंच मला समजावलं होतं, आणि म्हणाली होती, यासारखी फसवणूक नाही. मी रोज जेवण घेऊन वर जायची आणि रोज विचारायची, "सांगितलंस?" ती म्हणायची, "उद्यां." शेवटी मी म्हटलं, "हे बघ, तू गेल्यावर मी सांगेन असं समजू नकोस. मला तुमचं इंग्रजी येत नाही." तिला इतकं हसू आलं की पोट धरून बसली. "अय्यो अक्का, हसवूं नका, दुखतें." मग तशीच लॅपटॉप ओढून तिनं कोचीला फोन लावला.

जोजीशी ती काय बोलली ते मला नंतर सांगितलं. तेव्हा मला फक्त आवाज कळत होते, आधी हिचा, सावकाश. मग तो भराभर बोलायला लागला आणि हिचा आवाज मऊ झाला. म्हणजे ही नाही म्हणतेय. तो म्हणत होता, वत्सला अक्का, ती आवृत्ती मी घेतो. तुमची म्हणून चालू ठेवू, तुमचं नाव देऊ तिला. ती म्हणाली, तुला घरीं दोन लेकरें, नव्या आवृत्तीचीं कामें तुंबलेलीं. माझें नांव लावून तिला ओढीत बसूं नको. तारीख मी देतें, तेवढी पाळा. फोन ठेवल्यावर ती भिंतीकडे तोंड करून निजली. मी भांडी घासून आले तरी तशीच होती. मी पायावर चादर घातली. रडत होती. मला वाटतं त्या सगळ्या काळात तिला तेवढं एकदाच रडताना बघितलं, आणि ते मरणासाठी नव्हतं.

मग मात्र झपाट्यानं आवरलं. जाहीर करायचा मजकूर स्वतः लिहिला, इंग्रजीत आणि तमिळमध्ये, आणि मराठीत लिहून मला वाचायला दिला. तिच्या मराठीतलं "येथून पुढें कांहीं येणार नाहीं" वाचून मी म्हटलं, हे दवंडीसारखं वाटतंय. ती म्हणाली, दवंडीच आहे. मशीन उघडलं की लोकांना समोर दिसेल अशी सोय तिनं शेवटच्या अपडेटमध्ये केली. तारीख चैत्र संपता संपताची घेतली. शाळांना सुट्टी असते, मशीनं बदलायला वेळ मिळेल म्हणून. शिंप्याला वेगळं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं की आजवर वाटायचं मशीनच उत्तरं देतं, मला माहीतच नव्हतं तिकडे कुणी माणूस आहे. ते तिनं मला दोनदा वाचून दाखवलं.

शेवटची भेट हॉस्पिटलात. हाताला सुया, तोंड कोरडं. माझं जुनं मशीन नव्या आवृत्तीला पुरणार नव्हतं, म्हणून म्हणाली, "माझा लॅपटॉप तुमचा. बालाजीला सांगितलें आहे. त्यांत नवी घातली आहे, अक्षरें मोठीं केलीं आहेत." मी म्हटलं, "बरी झालीस की परत घेशील, मग माझी पंचाईत." ती म्हणाली, "तुमाला खोटें बोलतां येत नाहीं, अक्का. पोदुम." पोदुम म्हणजे पुरे. मग विचारलं, आज डब्यात काय आणलंय. ताकभात होता. दोन चमचे खाल्ला.

तिच्याकडच्या बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले. बालाजीनं अडवलं नाही. विद्युतदाहिनीचं दार बंद झालं आणि पोरांनी मला रिक्षात बसवून दिलं. घरी येऊन मी लिफ्टनं एक मजला जास्त वर गेले. बोट आपोआप तिकडे गेलं. तिच्या दाराला कुलूप होतं, बाहेर वर्तमानपत्र पडलेलं. ते उचललं आणि खाली आले.

चैत्राचे शेवटचे दिवस आले तेव्हा जोजीचा फोन आला. त्याची तमिळ मोडकी, माझीही तशीच, त्यामुळे आमचं बरं जमतं. म्हणाला, अम्मा, लोक लिहिताहेत, ही आवृत्ती बंद करू नका. काही जण काम करायलाही तयार आहेत. आमच्यातही बऱ्याच जणांना वाटतं, त्यांची आठवण म्हणून एक वर्ष वाढवावं. तुम्ही त्यांच्या जवळच्या, तुम्हाला काय वाटतं? मी उभीच होते, बसले. खरं सांगायचं तर मलाही वाटलं असतं. ते जुनं मशीन उघडलं की वर कोपऱ्यात तिनं माझं नाव घातलेलं आहे, 'अक्का' म्हणून. पण मला तिचं भिंतीकडचं तोंड आठवलं. तिनं ते रडून, भांडून, स्वतःच्या हातानं मिटवलं होतं. मी म्हटलं, "नाही. तिला कुणी वर्ष वाढवून दिलं नाही. तिनं तारीख दिलीय, ती पाळा."  तो म्हणाला, "सरि, अम्मा." बरं, अम्मा. त्या तारखेला मी जुनं मशीन शेवटचं लावलं. काही आलेलं नव्हतं. बंद केलं, वायर गुंडाळली आणि माळ्यावर टाकलं.

हा लेख तिच्या लॅपटॉपवर लिहितेय, एका बोटानं. तो आता माझ्या जेवणाच्या टेबलावर असतो. बुधवारी चहाच्या वेळेला तो वाजतो आणि पडद्यावर एक चौकट येते, बैठकीची आठवण. तिनं कधी तरी लावून ठेवलेली. बैठक आता जोजी घेतो, ती दुसऱ्याच वारी असते. परवा फोनवर बोलताना त्याला तो आवाज ऐकू गेला. हळूच म्हणाला, अम्मा, ते काढून टाकायचं का, मी सांगतो कसं ते. मी म्हटलं, राहू दे. कसं काढायचं ते मला येतं.